डाव्या हाताचे फराटे

ये, बस इथे माझ्याजवळ. कागदावर का होईना, बस. समोर असतीस तर आधी पाठीत एक हलकी चापट दिली असती आणि मग चहा टाकला असता. उलव्याहून वाशीला मावशीकडे यायला तुला सवड होत नाही, ते असू दे. तुझी नोकरी, तुझी पोरं, सगळं मला कळतं. माझा राग त्याच्यावर नाही.

माझा राग परवा तू फोनवर जे बोललीस त्याच्यावर आहे. काय म्हणालीस? "मावशी, ऑफिसच्या मैत्रिणींबरोबर चित्रांच्या प्रदर्शनाला गेले होते, पण नुसते फराटे होते गं. काही कळलं नाही. दोन मिनिटांत बाहेर पडलो आणि सँडविच खाल्लं." आणि मग सँडविच कसं होतं ते पाच मिनिटं सांगत बसलीस.

अगं, दोन मिनिटांत तर बाहेरच्या उन्हातून आत गेलेले डोळेसुद्धा सरावत नाहीत. मी अशाच एका फराट्यांच्या चित्रासमोर दोन वर्षं बसले होते. हौस म्हणून नाही गं, माझी नोकरीच ती होती. ते मी तुला कधी सांगितलं नाही. तुझ्या आईलाही सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात काही आहे असंच मला वाटलं नव्हतं. पण तू "नुसते फराटे" म्हणालीस आणि फोन ठेवल्यावर माझं कशात लक्ष लागेना. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, डाळीचा पार गाळ झाला.

तर ऐक. ऐंशीच्या आसपासची गोष्ट, तू जन्मलीही नव्हतीस. आम्ही लग्नानंतर गिरगावात चाळीत राहायचो, सासरची आठ माणसं दोन खोल्यांत. तुझ्या काकांची सरकारी कचेरी बेलापूरच्या नव्या इमारतीत गेली, म्हणून आम्ही वाशीला हे घर घेतलं. एक खोली, स्वयंपाकघर आणि आपला स्वतःचा संडास. त्याचं मला इतकं अप्रूप की पहिले आठ दिवस मी येता-जाता दार उघडून नुसती बघायची. बाकी आजूबाजूला काही नव्हतं. समोरच्या इमारतीत अजून माणसं यायची होती, रस्त्यावर दिवे होते पण खाली चालणारं कोणी नसायचं, आणि दुपारी वारा फिरला की खाडीचा वास सरळ स्वयंपाकघरात.

भिंतींना नुसता चुना लावलेला. रंगारी मुंबईहून येणार, कधी येणार याचा भरवसा नाही, म्हणून तुझे काका म्हणाले आपणच रंगवू. दोन रविवार लागले. फिकट हिरवा डिस्टेंपर, पिस्त्यासारखा. काका डावखुरे होते हे तुला कोणी सांगितलं नसेल. शाळेत मास्तरांनी छड्या मारून लिहिणं उजव्या हातावर आणलं, जेवण आईनं आणलं. पण ब्रश हातात घेतला आणि डावा हात आपोआप पुढे झाला. मी खाली बालदी धरून उभी. बघते तर सगळे फराटे एकाच बाजूला कललेले, वर डावीकडे सुरू आणि खाली उजवीकडे संपणारे.

मी म्हटलं, "अहो, भिंत कललीय असं वाटतंय."

"भिंत सरळ आहे. तू मान सरळ कर."

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी शेवटच्या भिंतीच्या कोपऱ्यात रंग संपला. ब्रश सुकत सुकत गेला, शेवटच्या फराट्यात केसांच्या रेघा उमटल्या आणि तिथेच थांबलं. खाली वीत-दीड वीत चुना तसाच राहिला. मी म्हटलं, एवढ्यासाठी आणखी एक डबा आणू या का? त्यांनी गोदरेजचं नवं कपाट खेचून त्या कोपऱ्यापुढे लावलं. "कपाटामागे कोण बघतंय?" म्हणाले, आणि हात धुवायला गेले.

त्यानंतर तीन वर्षांनी ते कावीळ होऊन गेले. तीन आठवड्यांत. खाडीच्या पुलापलीकडची, गिरगावची सगळी माणसं आली, तेरावं झालं, सगळी माणसं पूल ओलांडून परत गेली. मूलबाळ नव्हतंच. त्यांच्या जागी कचेरीनं मला घेतलं, पण मी सातवी पास, म्हणून कारकून नाही, शिपाई. तेही हंगामी. दोन वर्षं नीट काम केलं की कायम करू, असं तोंडी सांगितलं होतं. त्या "कायम" या शब्दावर माझं सगळं होतं बघ. कायम झाले तर हे घर राहणार होतं. नाही झाले तर मला गावी भावाकडे जाऊन वहिनीच्या हाताखाली राहायला लागलं असतं. वहिनी वाईट नव्हती, पण तिच्या चुलीजवळ माझी जागा कुठे असणार ते मला आधीच दिसत होतं.

माझी बसायची जागा म्हणजे साहेबांच्या केबिनच्या दाराशी एक लाकडी स्टूल. बेल वाजली की आत जायचं, नाही वाजली की बसायचं. समोर भेटायला येणाऱ्या लोकांसाठी बाकं, आणि बाकांच्या वर भिंतीवर ते चित्र. केवढं मोठं म्हणशील? दोन दारं शेजारी-शेजारी लावली तर होतील एवढं. आधीच्या कुठल्या साहेबांना हौस होती, त्यांनी नव्या इमारतीसाठी मागवलेलं. खाली कोपऱ्यात चित्रकाराची सही, पण ती वाचता येत नव्हती.

पहिल्या दिवशी मला वाटलं, कोणीतरी भिंत पुसायची विसरलंय. खाली काळा, तव्याच्या बुडासारखा. त्याच्यावर गेरूचा तांबडा, मधेच चुन्यासारखा पांढरा फटकारा, एका बाजूला पाण्याच्या टाकीत शेवाळ धरतं तसला हिरवा. आणि सगळ्यावरून एक मोठा लाल फराटा, वरच्या डाव्या कोपऱ्यातून निघालेला, खाली उजवीकडे येता येता थांबलेला. झाड नाही, माणूस नाही, देव नाही. मी मनात म्हटलं, आता ह्याच्याकडे बघत दिवस काढायचे.

येणारे लोक तर विचारूच नकोस. आमच्याकडे जमिनीच्या, घरांच्या कामाची माणसं यायची, फायली काखेत धरून. त्यातल्या निम्म्यांना तो नव्या शहराचा नकाशा वाटायचा. एक गृहस्थ बाकावर चढून उभे राहिले, हिरव्या डागावर बोट ठेवलं आणि मला विचारलं, "हा सेक्टर कुठला, बाई? आमचा प्लॉट ह्याच्यातच आलाय काय?" मी म्हटलं, "काका, खाली उतरा आधी. ते चित्र आहे." तर म्हणतात, "चित्र आहे तर मग खाली नावं का नाही लिहिली?"

आमच्याकडे आणखी एक शिपाई होते, त्यांना आम्ही सगळे मामा म्हणायचो. बेलापूरच्याच जुन्या गावातले, शेती आणि मिठागर दोन्ही शहराखाली गेलेलं. दोन वर्षांनी निवृत्त व्हायचे होते. त्यांना मात्र चित्राची कधी अडचण झाली नाही. एकदा ट्रेमधले कप गोळा करता करता थांबले आणि म्हणाले, "ह्यो आमचा खाजन हाय, बाय."

"कुठे दिसतो तुम्हाला खाजण?"

"ह्यो काला म्हंजे चिखल. ह्यो पांडरा म्हंजे मीठ. बांद फुटला आनि पानी आत शिरला, त्यो ह्यो." आणि कप वाजवत निघून गेले. खाजण म्हणजे खाडीकाठची खारट जमीन गं. त्यानंतर मला महिनाभर त्यात चिखलच दिसत राहिला.

मला बाकी कोणाशी फार बोलायला मिळायचं नाही. कचेरीतल्या बायका डबा एकत्र खायच्या, मलाही बोलवायच्या. सुरुवातीला गेले मी. पण मी जाऊन बसले की त्यांचं बोलणं मधेच तुटायचं. कोणी नवऱ्याची तक्रार करत असेल तर ती माझ्याकडे बघून गप्प व्हायची, जणू तक्रार करणं हासुद्धा मला लागेल असा विषय. आमच्या टायपिस्ट बाई, मनानं फार चांगल्या, त्या तर मला बघितलं की लगेच भाजीचे भाव काढायच्या. किती दिवस भाजीचे भाव बोलणार? महिन्याभरानं मी स्टुलावरच डबा उघडायला लागले. समोर तेच. माणूस नाही, देव नाही, फराटे.

आणि बघायला लागलं की दिसतं, एवढंच मी तुला सांगू शकते. सकाळी दहाला खिडकीतून उजेड यायचा तेव्हा पांढरा फटकारा पुढे यायचा, बाकी सगळं मागे. दुपारी सगळं सपाट, डाळ-भातासारखं. चारच्या सुमारास उजेड तिरपा झाला की लाल जागा व्हायचा. तो लाल एक नव्हता. खाली नारिंगी होता, त्याच्यावर विटकरी, आणि सगळ्यात वर तो लाल, ओला असताना ओढलेला, कारण खालचा रंग त्यानं बरोबर ओढून आणला होता. ओल्या लुगड्याचा रंग दुसऱ्या कपड्याला लागतो तसा. हे मला कोणी शिकवलं नाही. रोज बघून कळलं.

पण खरं कळलं ते फडक्यानं. सकाळी आल्यावर टेबलं, खुर्च्या, बाकं पुसायची, तसं मी चित्रही पुसायचे. कोणी सांगितलं नव्हतं. धूळ बसायची, म्हणून. कोरडं फडकं घ्यायचे, आणि हळूहळू सवय अशी लागली की आडवं-उभं न पुसता रंग ज्या बाजूला गेलाय त्याच बाजूनं फडकं न्यायचं. लाल फराट्यावर आले की माझा हात अडखळायचा. खांदा वळायचा नाही, कोपर आड यायचं. आठवडाभर असंच. मग एके दिवशी उजव्या हातात बालदी होती म्हणून फडकं डाव्या हातात घेतलं, आणि हात वरून खाली एका दमात आला. कुठे अडला नाही. मी बालदी खाली ठेवली आणि परत केलं. परत तसंच. हा माणूस डावखुरा होता.

घरी गेले, चपला काढल्या, आणि आधी भिंतीकडे गेले. संध्याकाळचा उजेड पडला की आमच्या भिंतीवर अजून ते कललेले फराटे दिसायचे. पिस्ता रंगावर पिस्ता रंगाच्याच रेघा. मी डावा हात भिंतीवर ठेवला आणि खाली आणला. तोच हात.

आता तू म्हणशील मावशी, सगळ्या डावखुऱ्यांचे फराटे तसेच असतात. असतील. मला काय त्याचं? त्या दिवसापासून मला कचेरीत जायला बरं वाटायला लागलं, एवढं खरं. सकाळी लवकरची बस पकडायची, कोणी आलेलं नसताना फडकं घ्यायचं, आणि त्या हाताबरोबर आपला हात फिरवायचा. कुठे जोरात, कुठे हलका. पांढऱ्याच्या जागी तो चिडलेला होता असं मला वाटायचं. हिरव्याच्या जागी कंटाळलेला. आणि लाल फराट्याच्या शेवटी, जिथे रंगाचा जाड गोळा होऊन हात उचललाय, तिथे मला दर वेळी कपाटामागचा कोपरा आठवायचा.

दोन वर्षं होत आली. माझी फाईल साहेबांच्या टेबलावर गेली, हे टायपिस्ट बाईंनी मला हळूच सांगितलं. "दसऱ्यानंतर सही होईल. तोंड गोड करायला लागेल हं," म्हणाल्या.

आणि खंडेनवमी आली. कचेरीत त्या दिवशी काय धमाल असते तुला माहीत आहे. टाइपरायटर, सायक्लोस्टाइल मशीन, लोखंडी कपाटं, जीपगाडी, सगळ्याला हळद-कुंकू आणि झेंडूच्या माळा. ताट घेऊन फिरायचा मान मामांचा. मामांनी पाण्याच्या माठाला लावलं, बेलला लावलं, माझ्या स्टुलालाही लावलं. म्हणाले, "तुजा यंत्र ह्याच, बाय." मला हसू आलं. मग बायकांनी एकमेकींना हळद-कुंकू लावलं. ताट माझ्याजवळ आलं आणि न थांबता पुढे गेलं. कोणी माझ्याकडे बघितलं नाही, अगदी जपून बघितलं नाही. माझ्या स्टुलाला कुंकू लागलं आणि मला नाही लागलं.

रडूबिडू नव्हतं आलं मला. सगळे पेढे खायला मोठ्या हॉलमध्ये गेले, ताट बाकावर राहिलं. मी ते उचलून आत ठेवायला उठले आणि समोर चित्र. एवढ्या इमारतीत तेवढीच एक वस्तू होती जिला कोणी काही लावलं नव्हतं. ती कशाचं यंत्र आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. मी चौकटीला लावणार होते, खरं सांगते. पण अनामिकेला हळद घेतली, आणि बोट चौकटीवर न जाता आत गेलं, जिथे लाल थांबला होता त्याच्या खाली. आधी हळद, मग त्याच्यावर कुंकू. रुपयाएवढंसुद्धा नाही. मग हात पदराला पुसले आणि पेढा घ्यायला गेले. बरं वाटत होतं.

दसऱ्याची सुटी झाली. दुसऱ्या दिवशी साहेबांनी केबिनमध्ये जाता जाता चित्राकडे बघितलं, मागे आले, चष्मा काढून परत बघितलं. मला वाटलं कोणाला कळणार नाही, एवढ्या रंगांत. पण साहेबांची नजर फायलीतली चूक शोधायची.

"हे कोणी केलं?"

साहेबांनी मामांना बोलवलं. "ताट तुझ्या हातात होतं ना? सरकारी मालमत्ता आहे ही. चित्रकाराला कळलं तर वर्तमानपत्रात जाईल तो."

मामांनी चित्राकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग हात जोडून म्हणाले, "म्हातारा मानूस, साहेब. हात लागला आसंल."

मी स्टुलाजवळ उभी होते. दोन पावलांवर. माझी फाईल आत टेबलावर होती. तोंड उघडलं असतं तर दोन शब्दांचं काम होतं. मी उघडलं नाही. साहेबांनी मामांना सगळ्यांसमोर जे बोलायचं ते बोलून घेतलं, चित्रकाराला बोलावून घ्यायला सांगितलं आणि आत गेले. बेल वाजली. मी पाणी घेऊन आत गेले, आणि माझा हात जरासुद्धा कापला नाही, ह्याची मला अजून लाज वाटते.

चार दिवस मी मामांच्या डोळ्याला डोळा दिला नाही. सकाळी चित्र पुसलं नाही. डबा उघडायचे आणि मिटायचे. वहिनीची चूल दिसायची आणि मामांचे जोडलेले हात दिसायचे, आळीपाळीनं. पूर्वी मी एकटी असायचे तेव्हा समोर ते चित्र तरी असायचं. त्या चार दिवसांत मी त्याच्याकडे पाठ करून बसले.

पाचव्या दिवशी चित्रकार आले. मला वाटलं होतं कोणी लांब केसांचा माणूस असेल. हे आपले साधे, पन्नाशीचे, बुशशर्ट, खोकत जिना चढून आलेले. साहेबांनी मला चहा आणायला सांगितलं. मी कप पुढे केला आणि त्यांनी तो डाव्या हातानं घेतला.

झालं. मला पुढे गप्प राहवेना.

"साहेब, ते कुंकू मामांनी नाही लावलं," मी म्हटलं. "मी लावलं. खंडेनवमीला, सगळे पेढे खायला गेले तेव्हा."

साहेब म्हणाले, "तुम्ही? कशाला?"

चित्रकार चहा तसाच हातात धरून चित्राजवळ गेले, वाकले, त्या ठिपक्याकडे बघितलं. मला विचारलं, "इथेच का?"

"तिथे तुमचा हात थांबलाय म्हणून."

ते वळले. "म्हणजे?"

आता तोंड उघडलंच होतं तर मी सगळं सांगून टाकलं. की हा फराटा डाव्या हाताचा आहे, उजव्यानं फडकं नेलं तर खांदा अडतो, डाव्यानं नेलं तर एका दमात खाली येतो. पांढऱ्याच्या जागी हात कसा झटकलाय, हिरव्याच्या जागी कसा रेंगाळलाय. मी हवेत हात करून दाखवत होते. साहेब माझ्याकडे बघत राहिले, मला वाटतं त्यांना वाटलं बाई बिघडली. मी मनात म्हटलं, आता हा माणूस हसेल, किंवा चिडेल, किंवा म्हणेल वा.

त्यांनी कप बाकावर ठेवला आणि विचारलं, "फडकं? कसलं फडकं?"

"पुसायचं. धुळीचं."

"तुम्ही हे पुसता?"

"रोज. दोन वर्षं."

ते बाकावरच बसले. "कुंकवाचं काही नाही हो, बाई," म्हणाले. "कुंकू एवढंसं आहे. पण दोन वर्षं फडकं?" मग मला जवळ बोलावलं आणि बोटानं दाखवलं, न लावता. लाल फराट्याच्या कडा, जिथे ब्रशच्या केसांनी रंग उंच राहिला होता, त्या गुळगुळीत झाल्या होत्या. एके ठिकाणी लाल निघून खालचा नारिंगी दिसायला लागला होता. मी तो नारिंगी रोज बघत होते. मला वाटायचं जितकं बघावं तितकं आणखी दिसतं. ते माझ्या फडक्यानं दिसत होतं.

"मला कोणी सांगितलं नाही," मी म्हटलं.

"कोण सांगणार? कोणी बघतच नाही." हे ते रागानं बोलले नाहीत. साहेबांकडे बघून म्हणाले, "दुरुस्तीला न्यावं लागेल."

दोन दिवसांनी टेम्पो आला, चार माणसांनी ते चित्र जिन्यावरून तिरपं करून उतरवलं. कुंकू तसंच होतं. ते त्यांनी पुसलं की ठेवलं, मला माहीत नाही. चित्र परत आलं नाही. पुढे साहेब बदलले, नव्यांनी कशाला विचारावं? भिंतीवर एक फिकट चौकोन राहिला, भोवतीची भिंत काळवंडलेली आणि तो स्वच्छ. मी त्याच्यासमोर बसायचे. येणाऱ्या लोकांना आता प्लॉट विचारायला काही नव्हतं.

माझी सही लांबली. आधी लेखी खुलासा द्यावा लागला, टायपिस्ट बाईंनीच तो नीट शब्दांत टाइप करून दिला, आणि टाइप करताना पहिल्यांदाच भाजीचे भाव न काढता गप्प बसल्या. एका शब्दाशी अडल्या तेवढ्याच. "हळद-कुंकू लावण्यामागील हेतू, इथे काय लिहू?" मी म्हटलं, "चुकून लिहा." त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि "चुकून" लिहिलं. कायम झाले मी, पण आणखी दीड वर्षानं. तोवर दर महिन्याला मनानं गाठोडं बांधायचे आणि सोडायचे.

मामांची माफी मागायला मी, चित्रकार आले त्याच संध्याकाळी, बसस्टॉपवर थांबले. ते आले, बाजूला उभे राहिले, तंबाखू मळत. मी सुरुवात केली, तर म्हणाले, "मना ठावं व्हतं, बाय."

"कसं?"

त्यांनी अंगठा माझ्यापुढे धरला. "मी कुंकू आंगठ्यान लावतंय. माजा आंगठा बग केवरा हाय. त्यो टिपका बारीक व्हता."

"मग बोलला का नाहीत?"

"तू कायम व्हवाची हायस. मी जावाचा हाय." तंबाखू तोंडात टाकली. "पन आज बोललीस त्ये बरा केलास. माजी बायको मना इचारीत व्हती, त्या सोन्यासारक्या चित्राला तू हात कशाला लावलास. तिला काय सांगू?" मग बस आली.

एवढंच. मोठं काही नाही. त्या चित्रकाराला मी परत भेटले नाही आणि तसल्या चित्रासमोर परत बसलेही नाही. पण तुझ्या प्रदर्शनात फराटे होते ना? ते कुठल्या बाजूला कलले होते, सांगशील? हात कुठे जोरात होता, कुठे उचलला? उजव्या बाजूला खाली हळद-कुंकवाचा एखादा ठिपका होता का, बारीक? नाही सांगता येणार. दोन मिनिटांत बाहेर पडलीस.

आता मुद्द्याचं. आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट नक्की झालंय, सगळ्यांच्या सह्या झाल्या. माझीही झाली, मी एकटी किती दिवस अडून बसणार? दिवाळीनंतर घर रिकामं करायचंय. बाकी सामानाचं टेन्शन नाही. पण ते कपाट मी इतक्या वर्षांत कोणाला हलवू दिलेलं नाही. घराला दोनदा रंग झाला, मी रंगाऱ्याला सांगितलं, त्या कपाटाला हात लावू नका, मागे वाळवी आहे. त्याच्या मागे पिस्ता रंग तसाच आहे, तो सुकत गेलेला शेवटचा फराटा आणि त्याच्याखाली वीतभर चुना. मी कधी पुसलं नाही, फडकं लांब ठेवलं.

मला एकटीला ते कपाट सरकत नाही. तू ये. पोरांना आण नाहीतर आणू नकोस, पण चारच्या आत ये, उजेड तिरपा व्हायच्या आधी. आपण दोघी मिळून कपाट ओढू, तुला खुर्ची देते, आणि तू बसायचं, दोन मिनिटं नाही, चहा दोनदा गरम करावा लागेल इतका वेळ. येत्या शनिवारी जमेल का बघ. लवकर ये गं.